हंगामी कामगार आणि आरोग्यविमा : अमेरिकेतील वाद, मुंबई इलाख्यातील चर्चा आणि एरंडोलचा मजूर

१

एखाद्या सामाजिक कायद्याचा इतिहास लिहू लागले म्हणजे त्या कायद्याच्या बाजूने व विरुद्ध झालेली भाषणे अभ्यासकाच्या हाती प्रथम लागतात. सक्ती योग्य की अयोग्य, खर्च सरकारने सोसावा की मालकाने, कामगाराच्या मजुरीतून वर्गणी कापावी की नाही, अशा प्रश्नांनी ती भाषणे भरलेली असतात. कायदा कोणाला लागू व्हावा आणि कोणाला होऊ नये हे ठरविणारे कलम मात्र पुष्कळदा फारशा चर्चेवाचून मंजूर होते. त्यावर भाषणे होत नाहीत म्हणून इतिहासकाराचेही लक्ष तिकडे जात नाही. आरोग्यविम्याच्या बाबतीत हे दुर्लक्षित कलमच सर्वांत परिणामकारक ठरले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी अमेरिकेतील शंभर वर्षांचा वाद आणि मुंबई इलाख्यात व पुढे भारतात झालेली चर्चा यांची तुलना केली आहे. दोहोंची कसोटी म्हणून खानदेशातील एरंडोल हा तालुका घेतला आहे.

एरंडोलच का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अंजनी नदीकाठचे हे गाव पूर्वी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. पण तालुक्याचे अर्थकारण मुख्यतः कापसावर उभे राहिले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि पश्चिम भारतातील इतर कापूसप्रदेशांबरोबर खानदेशच्या मालालाही अकस्मात मागणी आली. पुढे लोहमार्ग आला आणि कापडाच्या गिरण्या निघाल्या. जळगावची गिरणी १८७० नंतरच्या दशकातील, तर अमळनेरची प्रताप गिरणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील होय. धुळे व चाळीसगाव येथेही गिरण्या झाल्या. एरंडोलसारख्या तालुक्याच्या वाट्याला आले ते कापसाचे शेत आणि कापसाबरोबर सुरू होऊन कापसाबरोबरच संपणारे काम.

या कामाचा क्रम खानदेशात सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणी जोरात येते आणि पाठोपाठ जीन सुरू होतात. सरकी वेगळी होते, रुई दाबून तिच्या गाठी बांधल्या जातात आणि उन्हाळा लागला की यंत्रे थंडावतात. जिनात कापूस घालण्याचे काम बहुधा स्त्रिया करीत. हंगाम संपला की हीच माणसे पुन्हा शेतात रोजाने जात. त्यांच्याच शेजारी सालदार असे. त्याचे साल बहुधा आखाजीच्या सुमारास बदलते. अशा मनुष्याला ताप आला, स्त्रीला बाळंतपण आले किंवा कापसाच्या धुळीने छाती भरली, तर औषधाचा खर्च आणि बुडालेली मजुरी असे दुहेरी नुकसान त्याच्या घरावर येई. आरोग्यविम्याची कल्पना मुळात या दुहेरी नुकसानीवरच उपाय म्हणून निघाली. ती या मनुष्यापर्यंत का पोचली नाही, हे पाहावयाचे आहे.

२

सक्तीच्या आजारविम्याचा पहिला राष्ट्रव्यापी कायदा जर्मनीत १८८३ मध्ये झाला. इंग्लंडने १९११ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. अमेरिकेत १९१२ च्या निवडणुकीत थिओडोर रुझवेल्ट यांच्या प्रागतिक पक्षाने सामाजिक विम्याचा पुरस्कार केला. तो पक्ष पराभूत झाला, परंतु कामगारविषयक कायद्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेने, अमेरिकन असोसिएशन फॉर लेबर लेजिस्लेशनने, १९१५–१६ च्या सुमारास एक आदर्श विधेयक तयार करून ते निरनिराळ्या राज्यांपुढे ठेवले. त्यात वर्गणीचे पाच भाग कल्पिले होते. त्यांपैकी दोन मालकाने, दोन कामगाराने आणि एक सरकारने द्यावयाचा होता. विमेदाराला वैद्यकीय उपचार, आजारपणातील मजुरीचा काही अंश आणि प्रसूतिसाहाय्य मिळावयाचे होते.

विरोध अनेक दिशांनी झाला. वैद्यकसंघटनेचे पुढारी प्रथम अनुकूल होते. १९२० पर्यंत ते उघड विरोधी झाले. खाजगी विमाकंपन्यांना आपला धंदा जाण्याची धास्ती होती. कामगारसंघाचे नेते सॅम्युअल गॉम्पर्स यांनीही सक्तीला विरोध केला. कामगाराचे कल्याण सरकारने नव्हे तर त्याच्या संघटनेने साधावे, ही त्यांची भूमिका होती. त्यात महायुद्ध आले आणि जे जे जर्मन ते ते संशयास्पद ठरले. १९१८ मध्ये कॅलिफोर्नियातील सार्वमतात योजना मोठ्या फरकाने फेटाळली गेली. १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूर केले, पण कनिष्ठ सभागृहात ते अडवले गेले.

हा पराजयाचा इतिहास अमेरिकन ग्रंथकारांनी विस्ताराने सांगितला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या आदर्श विधेयकातूनच घरकामगार व नैमित्तिक कामगार वगळलेले होते. म्हणजे विरोधकांनी एक अक्षर उच्चारण्यापूर्वी पुरस्कर्त्यांनी आपण होऊन एक कुंपण घातले होते. त्याचे कारण व्यवहाराचे होते. वर्गणी मजुरीतून कापावयाची, तर मजुरी नियमित हवी, मालक एक हवा आणि हिशेबाची वही हवी. ज्याच्याजवळ या तिन्ही गोष्टी नाहीत त्याचा विमा कसा उतरवावा, या प्रश्नाला त्या वेळी उत्तर नव्हते. ते शोधावे असेही कोणास निकडीचे वाटले नाही.

१९३५ मध्ये फ्रँकलिन रुझवेल्ट यांच्या कारकीर्दीत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. वैद्यकसंघटनेच्या विरोधामुळे सर्व कायदा धोक्यात येईल म्हणून आरोग्यविमा त्यातून गाळला गेला. जो वार्धक्यविमा राहिला त्यातूनही शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय मजुरांचा फार मोठा भाग याच दोन धंद्यांत होता. वगळण्यामागे वसुलीची अडचण किती आणि दक्षिणेतील जमीनदारांचे राजकारण किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणामाविषयी मात्र मतभेद संभवत नाही. कापूस पिकविणारा अमेरिकन मजूर कायद्याच्या बाहेर राहिला.

३

आता मुंबई इलाख्याकडे वळू. १९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेने आजारविम्याविषयी दोन करार संमत केले. एक उद्योग, व्यापार व घरकाम यांतील कामगारांसाठी होता आणि दुसरा केवळ शेतमजुरांसाठी. शेतमजुराचाही विमा उतरविता येतो, हे तत्त्व त्या वर्षी जगापुढे निःसंदिग्धपणे मांडले गेले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. हिंदुस्थान सरकारने या करारांना मान्यता दिली नाही. १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांचा विचार झाला व प्रांतिक सरकारांची मते मागविण्यात आली. आलेली उत्तरे बहुतांशी प्रतिकूल होती. कामगार गावाकडे ये-जा करतो, तो एका ठिकाणी टिकत नाही, डॉक्टर पुरेसे नाहीत, आजाराची आकडेवारी उपलब्ध नाही, मजुरीतील कपात कामगाराला रुचणार नाही, असे हे आक्षेप होते. त्यांतील ये-जा करण्याचा मुद्दा विशेष लक्षणीय आहे. ज्या अस्थिरतेमुळे कामगाराला विम्याची गरज अधिक, तीच त्याला विमा नाकारण्याचे कारण म्हणून पुढे केली गेली.

याच सुमारास मुंबईत प्रसूतिसाहाय्याचा प्रश्न उभा राहिला. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले विधेयक नामंजूर झाले होते. मुंबई विधिमंडळात रा. सं. आसवले यांनी तसेच विधेयक आणले आणि १९२८ च्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. मुंबईच्या गिरणी कामगारांचा दीर्घ संप त्या वेळी चालूच होता. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा बराचसा भार वस्तुतः सरकारने उचलला पाहिजे, असा डॉ. आंबेडकरांच्या विवेचनाचा आशय होता. १९२९ मध्ये हा कायदा झाला. त्या स्वरूपाचा तो देशातील पहिला कायदा होय. परंतु खर्च एकट्या मालकावर टाकण्यात आला. त्यामुळे स्त्रियांना कामावर ठेवणेच टाळावे, असा मोह मालकाला होऊ लागला. जोखीम एका मालकावर न ठेवता सर्वांत वाटली पाहिजे, हा विम्याचा मूळ विचार या अनुभवाने अधिक स्पष्ट झाला.

१९२९ मध्ये नेमलेल्या व १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगाचे ना. म. जोशी हे एक सदस्य होते. आयोगाने गरज मान्य केली, पण आधी आकडेवारी जमवावी असा सल्ला दिला. त्याच वर्षी कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. वार्धक्य, आजारपण व बेकारी यांच्या आर्थिक परिणामांपासून संरक्षण देण्याचे वचन त्यात आहे. परंतु ते औद्योगिक कामगारांना दिलेले आहे. पुढे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले. ते खेडे पूर्व खानदेशातील फैजपूर. तेथे शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला. त्याचा भर सारा, खंड, कर्ज आणि शेतमजुराची मजुरी यांवर होता. अशा रीतीने आजारपण हा कारखान्याचा प्रश्न आणि सारा व कर्ज हे शेतीचे प्रश्न, अशी वाटणी राष्ट्रीय चळवळीच्या विचारातही होऊन गेली. जो मजूर चार महिने जिनात आणि आठ महिने शेतात, तो या वाटणीत कोठे बसतो, हे कोणी विचारले नाही.

४

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यावर मुंबई सरकारने कापडधंद्यातील कामगारांच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अंतिम अहवाल १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. सक्तीच्या व वर्गणीवर आधारलेल्या आजारविम्याची शिफारस या समितीने केली. १९२८ मध्ये अव्यवहार्य म्हणून बाजूला सारलेली गोष्ट बारा वर्षांत एका जबाबदार समितीच्या शिफारशीचा विषय झाली, हा फरक लहान नव्हे.

यानंतर प्रश्न मध्यवर्ती सरकारकडे गेला. १९४२ च्या जुलैपासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. १९४३ च्या मार्चमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. आडारकर यांची औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यासाठी नेमणूक झाली आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अहवाल सादर केला. इंग्लंडमधील बेव्हरिज अहवाल १९४२ च्या डिसेंबरातील असल्यामुळे त्याचे तेज सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. आडारकरांनी मात्र आपली मर्यादा प्रथमच आखून घेतली. कापड, अभियांत्रिकी आणि खनिजे व धातू या तीन उद्योगसमूहांतील बारमाही कारखान्यांसाठी ही योजना होती. पुढे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे मॉरिस स्टॅक व रघुनाथ राव या तज्ज्ञांनी ती तपासली आणि सर्व बारमाही कारखान्यांना लागू करावी असे सुचविले. कुंपण रुंदावले खरे, पण त्याची जात बदलली नाही. बारमाही हा शब्द कायमच राहिला.

विधेयक १९४६ च्या नोव्हेंबरात मांडले गेले. तोपर्यंत श्रमखाते जगजीवनराम यांच्याकडे आले होते. १९४८ च्या एप्रिलमध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. आजारपण, प्रसूती, कामावरील अपघात आणि वैद्यकीय उपचार या चारही गोष्टी त्याने एका छत्राखाली आणल्या. आजारी कामगाराला वर्षातून ५६ दिवसांपर्यंत रोख भत्ता मिळण्याची तरतूद झाली. आशियात या तोडीचा कायदा त्या काळी विरळाच होता आणि त्याचे श्रेय ज्यांचे आहे त्यांना ते दिलेच पाहिजे.

पण हा कायदा प्रथमतः हंगामी कारखाने सोडून इतर सर्व कारखान्यांना लागू होईल, असे त्याच्या पहिल्याच कलमात आहे. हंगामी कारखाना म्हणजे काय, हे व्याख्येत सांगितले आहे. तेथील यादी अशी सुरू होते : कापसातून सरकी काढणे, कापूस किंवा ताग दाबणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे. पुढे कॉफी, नीळ, लाख, रबर, गुळासह साखर व चहा यांचा उल्लेख येतो. यादीच्या आरंभीची ही कामे खानदेशच्या वाचकाला निराळी समजावून सांगावयास नकोत. तालुक्यातालुक्यांतून चालणारे यंत्रावरचे काम म्हणजे मुख्यतः हेच. अमळनेरच्या गिरणीत सूत काढणारा कामगार कायद्याच्या आत आला. त्याच सुताची रुई करून देणारी जिनातील बाई बाहेर राहिली.

या व्याख्येचा उगम जुना आहे. १९३४ च्या कारखाना कायद्याने बारमाही व हंगामी असा भेद करून बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तासांची, तर हंगामी कारखान्यात ६० तासांची मर्यादा घातली होती. हंगाम थोडा, म्हणून तास अधिक, असा त्यामागील तर्क होता. विशेष असे की, १९४८ च्या सप्टेंबरात नवा कारखाना कायदा झाला तेव्हा हा भेद अन्याय्य म्हणून रद्द करण्यात आला. एकाच वर्षी, एकाच कायदेमंडळात, पाच महिन्यांच्या अंतराने एका कायद्याने हंगामी कामगाराला इतरांच्या बरोबरीचा मानला आणि दुसऱ्याने त्याला वगळला. कामाच्या तासांपुरता तो कामगार ठरला. आजारपणापुरता ठरला नाही. जिनात त्याचे बोट तुटले तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचा आधार त्याला होता. त्याच जिनाच्या धुळीने खोकला जडला तर मात्र आधार नव्हता.

वगळण्याच्या समर्थनार्थ जे सांगितले जाई ते अगदीच निराधार नव्हते. ठराविक मुदतीत ठराविक वर्गण्या भरल्या म्हणजे पुढील मुदतीत भत्ता, अशी या योजनेची घडण आहे. चार-पाच महिनेच काम करणाऱ्याच्या वर्गण्या पुऱ्या कशा व्हाव्यात? आजार पावसाळ्यात आला आणि जीन तेव्हा बंद असले, तर मजुरी बुडाली असे कसे म्हणावे? हे प्रश्न विमागणिताचे आहेत आणि खरे आहेत. परंतु त्यांचे उत्तर वगळणे हेच एक नव्हते. सरकारने आपला हिस्सा वाढविणे, वर्गणीची मुदत हंगामाप्रमाणे बेतणे, किंवा रोख भत्ता जमत नसेल तर निदान वैद्यकीय उपचार तरी देणे, असे मार्ग होते. कायद्याच्या कर्त्यांना हे दिसत नव्हते असेही नाही. हा कायदा औद्योगिक, व्यापारी, शेतीच्या किंवा अन्य कोणत्याही संस्थांना लागू करण्याचा अधिकार पहिल्याच कलमाने सरकारला दिला आहे. शेती हा शब्द तेथे स्पष्ट आहे. दार ठेवलेले होते. फक्त त्यातून कोणाला आत घेतले गेले नाही. दुकाने, हॉटेले, चित्रपटगृहे, मोटारवाहतूक, वृत्तपत्रे यांना पुढील दशकांत कायदा लागू झाला. शेतीचा क्रम लागला नाही.

५

याच काळात एक निराळा विचारही पुढे आला होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्यासाठी कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तिचे मूलतत्त्व होते. वर्गणी भरू शकणारे लोक या देशात थोडे आहेत हे ओळखून समितीने करांतून चालणाऱ्या, गावोगाव पोचणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेची योजना मांडली. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना या अहवालाने रूढ केली. एरंडोलच्या मजुराच्या दृष्टीने हाच मार्ग अधिक सरळ होता. कारण तो बारमाही की हंगामी, हे त्यात विचारले जाणार नव्हते.

अमेरिकेतही हाच प्रसंग आला होता, आणि तोही जवळजवळ त्याच वेळी. १९ नोव्हेंबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात राष्ट्रीय आरोग्यविमा सुचविला. त्यात शेतमजूर, घरकामगार व स्वतंत्र धंदा करणारे यांचाही समावेश करावयाचा होता. १९३५ मध्ये घातलेले कुंपण मोडण्याचा तो प्रयत्न होता. वैद्यकसंघटनेने १९४९ मध्ये जाहिरात-व्यवसायातील तज्ज्ञ नेमून त्याविरुद्ध फार खर्चाची मोहीम चालविली आणि या योजनेला समाजवादी वैद्यक असे नाव दिले. साम्यवादाच्या भीतीच्या त्या काळात हे नाव पुरेसे झाले आणि योजना बारगळली.

तिची जागा एका आनुषंगिक गोष्टीने घेतली. युद्धकाळात १९४२ च्या कायद्याने मजुरीवाढीवर नियंत्रण आले होते. विम्यासारख्या सवलती मात्र त्या नियंत्रणातून मोकळ्या होत्या. म्हणून मालकांनी कामगार मिळविण्यासाठी आरोग्यविमा देऊ केला, कामगारसंघांनी तो करारात घालून घेतला आणि १९५४ मध्ये करकायद्याने त्यावर सवलत पक्की केली. अशा रीतीने आरोग्यविमा नोकरीला बांधला गेला. मोठ्या कारखान्यातील कामगाराला तो मिळाला. त्याची नोकरी गेली की विमाही गेला. आपल्याकडील विम्याचेही रूप याबाबतीत निराळे नव्हते. जळगावची गिरणी पुढे बंद पडली. ज्याचा हक्क गिरणीच्या फाटकाशी बांधलेला, त्याचा हक्क फाटकाबरोबरच मिटतो.

दोन्ही देशांतील या घटना एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे एक सारखेपणा स्पष्ट होतो. ट्रूमन यांची योजना व भोर समितीची योजना या दोन्ही सर्वांसाठी होत्या. पहिली नामंजूर झाली आणि दुसरी अपुऱ्या पैशाने अर्धीमुर्धी अमलात आली. जे पुरते उभे राहिले ते अरुंद पायावरचे होते. अरुंद योजना हा व्यापक योजनेचा पहिला टप्पा आहे, असे दोन्हीकडे सांगितले गेले. परंतु आत आलेल्यांची गरज भागली की कुंपण हलविण्याचा आग्रह धरणारे संघटित बळ उरत नाही, असेच या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

६

भारतातील योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तत्पूर्वी एक अडचण आली होती. योजना ज्या शहरात प्रथम लागू होईल तेथील मालकांना वर्गणी भरावी लागणार आणि इतरत्र त्यांचे प्रतिस्पर्धी मोकळे राहणार, अशी तक्रार झाली. म्हणून १९५१ च्या दुरुस्तीने देशभरच्या मालकांवर मजुरीच्या पाऊण टक्क्याची विशेष वर्गणी बसविण्यात आली. जेथे योजना चालू होई तेथे हे प्रमाण सव्वा टक्का होते. मालकांमधील विषमता लगेच दिसली व तिच्यावर कायद्याने उपायही झाला. मजुरामजुरांमधील विषमतेला अशी तत्परता लाभली नाही. १९५४ मध्ये नागपूर व मुंबई येथे योजना आली आणि पुढे क्रमाक्रमाने राज्यातील इतर औद्योगिक केंद्रांकडे गेली.

हंगामी मजुरापर्यंत जे पोचले ते फार उशिरा आणि निराळ्या वाटेने. महाराष्ट्र शासनाने १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या काही मोठ्या शस्त्रक्रियांसाठी जीवनदायी योजना काढली. तिच्या जागी २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत धुळे होते, जळगाव नव्हते. म्हणून सुमारे सोळा महिने खानदेशाचा एक भाग आत आणि एक भाग बाहेर राहिला. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ती सर्व राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली आणि २०२३ च्या निर्णयाने दर कुटुंबामागे वार्षिक मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये करून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्यात आली.

या योजनेने फाटकाची अट काढून टाकली, हे तिचे मोठेच महत्त्व आहे. वर्गणी सरकार भरते; मालकाचे नाव कोणी विचारत नाही. तथापि दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. एक अशी की, ती ठराविक यादीतील, मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांपुरती आहे. रोजच्या औषधपाण्याचा भार तिने उतरत नाही. दुसरी गोष्ट अशी की, बुडालेल्या मजुरीबद्दल त्यात काहीच नाही. लेखाच्या आरंभी ज्या दुहेरी नुकसानीचा उल्लेख केला, तिच्यातील एकाच बाजूला, आणि तीही अंशतः, ही योजना स्पर्श करते. १९४८ च्या कायद्याने गिरणी कामगाराला दोन्ही बाजूंनी सावरले होते. शिवाय तेथे तो वर्गणीदार होता. येथे मजूर लाभार्थी आहे. या दोन शब्दांतील अंतर हक्क आणि अनुग्रह यांच्यातील अंतर आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९४८ च्या कायद्याची जागा घेतली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु विमा महामंडळाच्या प्रकरणातून हंगामी कारखाने वगळण्याची जुनी रीत तिनेही सोडलेली नाही.

अमेरिकेची पुढील वाटचालही याच प्रश्नाभोवती फिरते. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली. पहिली वर्गणीच्या हक्काची, दुसरी उत्पन्नाच्या कसोटीवरची. मधला मोठा वर्ग नोकरीतील विम्यावर अवलंबून राहिला. २३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या कायद्याने या मधल्या वर्गाला आत आणण्याचा प्रयत्न केला. त्यावरील वाद सक्तीच्या प्रश्नावर गाजला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीचा दंड हा कर मानून तो वैध ठरविला. पण त्याच निकालाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. ज्या राज्यांनी तो नाकारला तेथील पुष्कळ अतिगरीब प्रौढ दोन्ही योजनांच्या मधल्या फटीत सापडले. वृत्तपत्रांनी सक्तीवर रकाने भरले. फट मात्र निकालाच्या दुसऱ्या भागाने पाडली. २०१७ मध्ये कायदा रद्द करण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला. २०२५ च्या जुलैतील कायद्याने मेडिकेड घेणाऱ्या अनेक प्रौढांवर दरमहा ८० तास कामाचा किंवा तत्सम उद्योगाचा पुरावा देण्याची अट घातली असून ती २०२७ च्या आरंभापर्यंत अमलात यावयाची आहे. महिन्याच्या हिशेबाने काम मोजले की हंगामाने काम करणारा मनुष्य पुन्हा अडचणीचा विषय होतो.

७

वरील विवेचनावरून आरोग्यविम्याचे सारे राजकारण व्याख्यांतच सामावले आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वैद्यकसंघटना, विमाकंपन्या, गिरणीमालक, कामगारसंघ यांचे बळाबळ खरे होते आणि त्याने पुष्कळ काही ठरविले. परंतु या सर्वांच्या झगड्यात जो उपस्थितच नव्हता त्याचे भवितव्य कोठे ठरले, हे पाहावयाचे तर भाषणे सोडून कलमांकडे वळावे लागते. एरंडोलच्या जिनातील मजुराविरुद्ध कोणीही भाषण केले नाही. त्याला वगळताना कोणाच्या मनात आकसही नव्हता. तो हिशेबाला गैरसोयीचा होता, एवढेच.

१९४८ चा कायदा करणाऱ्यांनी प्रथमतः हा शब्द वापरला होता. ज्या वाक्यात प्रथमतः येते, त्याला नंतर असा उत्तरार्ध असावयास हवा. तो उत्तरार्ध लिहिण्याचे काम त्यांनी पुढच्या पिढ्यांवर सोपविले होते. सत्त्याहत्तर वर्षांनी संहिता बदलली, नावे बदलली, रकमा वाढल्या. पण दिवाळीनंतर जीन सुरू होतात तेव्हा कापूस घालणारी बाई आजारी पडली तर तिच्या त्या दिवसाच्या मजुरीचे काय, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात अद्याप लिहिले गेलेले नाही.